दोन भाषा येणं पुरेसं नाही: अमेरिकेतले द्विभाषिक संघटक आणि राजकीय सल्लागार नेमकं करतात काय?

१९७५ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं सॅन अँटोनियो शहर. तिथल्या एका मोठ्या बँकेत एके दिवशी मेक्सिकन वंशाच्या, साध्या घरातल्या माणसांची भलीमोठी रांग लागली. खिडकीपाशी पोहोचलेला माणूस डॉलरच्या नोटा पुढे करायचा आणि सुटी नाणी मागायचा. नाणी मिळाली की पुन्हा रांगेच्या टोकाला. दुसऱ्या फेरीत नाणी पुढे करायची आणि नोटा मागायच्या. मग पुन्हा नोटांची नाणी. बँकेचं रोजचं काम ठप्प झालं, पण तक्रार तरी कशाची करणार? कुणी घोषणा देत नव्हतं, कुणी कायदा मोडत नव्हतं. सुटे पैसे मागणं हा काही गुन्हा नाही!

त्याच सुमाराला शहरातल्या एका बड्या दुकानातही अशीच माणसं शिरली. महागडे कपडे अंगावर चढवून बघायचे, आरशासमोर उभं राहायचं आणि काहीही न घेता ते परत ठेवायचे.

त्यांची मागणी साधी होती. त्यांच्या वस्त्यांमध्ये दर पावसाळ्यात पाणी भरायचं आणि ते वाहून न्यायला गटारं नव्हती. काही कामं १९४५ साली मंजूर झालेली होती, पण तीस वर्षं कागदावरच राहिली. शहराच्या बजेटमधला पैसा आपल्याकडेही वळावा, यासाठी वजनदार उद्योजकांनी शब्द टाकावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ही माणसं आपणहून एके सकाळी उठून बँकेत आलेली नव्हती. त्यामागे महिनोन्‌महिन्यांची तयारी होती. ही तयारी करून घेणाऱ्या माणसाला अमेरिकेत 'कम्युनिटी ऑर्गनायझर' म्हणतात. ती इंग्रजीसोबत वस्तीच्या भाषेतही करून घेणारा तो द्विभाषिक संघटक. यातलीच काही मंडळी पुढे निवडणुकांच्या काळात उमेदवारांना सल्ला देतात आणि राजकीय सल्लागार होतात. या दोन कामांमध्ये फरक आहे, थोडं भांडणही आहे. ते समजून घेतलं तर अमेरिकेतल्या निवडणुकांच्या बऱ्याच बातम्यांचा अर्थ लागायला लागतो.

संघटक वेगळा, सल्लागार वेगळा

राजकीय सल्लागार म्हटलं की आपल्याकडे पटकन प्रशांत किशोर यांचं नाव आठवतं. पक्ष किंवा उमेदवार पैसे मोजतो, सल्लागार सर्व्हे करतो, घोषणा ठरवतो, जाहिराती कुठे द्यायच्या ते सांगतो. निकाल लागला की काम संपलं.

संघटकाचं काम बहुतेक वेळा निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं. त्याला जागा जिंकायची नसते, माणसं तयार करायची असतात. सॅन अँटोनियोच्या त्या मोहिमेमागे 'कॉप्स' नावाची संघटना होती. ती १९७४ साली उभी राहिली आणि तिची पायाभरणी केली अर्नेस्टो कोर्तेस यांनी. ते याच शहरातले. शिकागोच्या 'इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन' या संस्थेत त्यांनी प्रशिक्षण घेतलं होतं. ही संस्था सॉल अलिन्स्की यांनी १९४० साली सुरू केलेली, आणि संघटन हा शिकता-शिकवता येणारा धंदा आहे हे अमेरिकेत रुजवण्यात तिचा वाटा फार मोठा.

परत आल्यावर कोर्तेस यांनी ना सभा घेतली, ना पत्रक छापलं. ते वस्तीत आणि चर्चच्या आवारात शेकडो लोकांना भेटत राहिले. प्रत्येकाला विचारायचे, तुम्हाला कशाचा त्रास होतो? डाव्या-उजव्या विचारसरणीबद्दल कुणी काही बोललं नाही. लोक बोलले ते गटारांबद्दल आणि रस्त्यांबद्दल. मग संघटना त्याच प्रश्नावर उभी राहिली.

या परंपरेत एक 'लोखंडी नियम' मानला जातो: जे काम लोक स्वतः करू शकतात, ते त्यांच्यासाठी आपण कधीही करायचं नाही. ऐकायला सोपा वाटणारा हा नियम दुभाष्या माणसासाठी फार अवघड आहे. समजा, वस्तीतल्या बाईला इंग्रजी येत नाही आणि समोर शहराचा अधिकारी बसलाय. संघटकाला दोन्ही भाषा येतात. तो चटकन तिच्या वतीने बोलू शकतो, काम होईलही. पण पुढच्या वेळी ती बाई पुन्हा त्याच्याच तोंडाकडे बघेल. म्हणून मुरलेला संघटक तिला आधी चार वेळा सराव करायला लावतो, तिच्या भाषेत तिला बोलू देतो आणि स्वतः फक्त भाषांतर करतो. काही दिवसांनी तेही दुसऱ्या कुणाला शिकवून बाजूला होतो.

भाषा हेच कुंपण होतं तेव्हा

हे काम इतकं महत्त्वाचं का झालं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

टेक्सासच्या शाळांमध्ये एकेकाळी मुलांना स्पॅनिश बोलायला बंदी होती. बोलल्यास शिक्षा व्हायची. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन हे १९२८ साली टेक्सासमधल्या कोटुला या गावात मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळेत शिक्षक होते. १९६५ साली मतदान हक्क कायद्यासाठी संसदेसमोर केलेल्या भाषणात त्यांनी त्या मुलांची आठवण काढली होती.

शिवाय टेक्सासमध्ये मत द्यायचं तर कर भरावा लागायचा. या 'पोल टॅक्स'ची रक्कम साधारण पावणेदोन डॉलर. आज ती किरकोळ वाटते, पण शेतमजुराच्या घरात चार मतदार असतील तर तो आठवड्याच्या खर्चाचा प्रश्न होता. हा कर पूर्णपणे संपला तो १९६६ साली.

म्हणजे मतदाराला आधी कर भरायचा, मग इंग्रजीतला अर्ज भरायचा, मग इंग्रजीतली मतपत्रिका वाचायची. इतक्या अडथळ्यांनंतर 'हे लोक मतदानाला येतच नाहीत, त्यांना राजकारणात रसच नाही' असं म्हणणं सोपंच होतं. तसं म्हटलंही जायचं.

कुणाच्या तरी घरात, तासभर

या कामाची एक पक्की पद्धत बसवली ती फ्रेड रॉस यांनी. १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये 'कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन' ही संघटना उभी राहिली, त्यात त्यांचा मोठा हात होता. रॉस स्वतः मेक्सिकन वंशाचे नव्हते. त्यामुळे वस्तीत शिरायचं तर तिथल्या माणसाचा हात धरूनच शिरावं लागणार, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

त्यांनी 'घरातली बैठक' हा प्रकार रूढ केला. एका कुटुंबाने आपले नातेवाईक, शेजारी असे मोजके लोक घरी बोलवायचे. तासभर गप्पा. कुणाला पोलिसांनी त्रास दिलाय, कुणाच्या गल्लीत दिवे नाहीत, कुणाचं नाव मतदार यादीत नाही. उठताना एकच प्रश्न: पुढची बैठक कुणाच्या घरी? अशा कित्येक बैठका झाल्यावरच मोठी सभा. सभेला आलेला प्रत्येक माणूस मग अनोळखी राहत नाही, कुणाच्या तरी बैठकीतून आलेला असतो. आपल्याकडच्या बचत गटांच्या बैठका पाहिलेल्यांना यातली ताकद वेगळी सांगायला नको.

या संघटनेने आपल्या स्वयंसेवकांना मतदार नोंदणीचे अधिकार मिळवून दिले. त्यामुळे सरकारी कचेरीत न जाता दारातच नोंदणी होऊ लागली. हजारो नवे मतदार यादीत आले. एडवर्ड रॉयबल १९४७ साली लॉस एंजेलिस नगर परिषदेची निवडणूक हरले होते, ते १९४९ साली जिंकले. त्या परिषदेत मेक्सिकन वंशाचा माणूस बसण्याची एकोणिसाव्या शतकानंतरची ही पहिलीच वेळ होती.

१९५२ साली रॉस सॅन होजे शहरातल्या एका वस्तीत गेले. वस्तीचं नावच 'साल सी पुएदेस', म्हणजे 'जमलं तर निसटा'. तिथे सेझार चावेझ नावाचा एक तरुण राहायचा. गोरे लोक वस्तीत येतात ते प्रश्नावल्या भरून घ्यायला, असा त्याचा अनुभव. त्याने मित्रांना सांगून ठेवलं, मी सिगारेट या हातातून त्या हातात घेतली की या पाहुण्याला पळवून लावा. रॉस बोलत गेले आणि सिगारेट काही हललीच नाही! संघटकांच्या प्रशिक्षणात हा किस्सा आजही सांगितला जातो.

चावेझ त्याच संघटनेत पगारी संघटक झाले. १९५२ च्याच एका कायद्याने पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस वर्षं अमेरिकेत राहिलेल्या लोकांना नागरिकत्वाची परीक्षा मातृभाषेत द्यायची मुभा मिळाली होती. संघटनेने त्यासाठी स्पॅनिशमधून वर्ग चालवले. कायद्यातली सवलत लोकांपर्यंत पोहोचवणारा माणूस नसेल तर ती सवलत कागदावरच राहते. द्विभाषिक संघटकाच्या कामाचं बरंचसं सार यात आलं.

स्टॉक्टन शहरातल्या शाखेत डोलोरेस वेर्ता होत्या. आधी शिक्षिका, मग संघटक, मग कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात जाऊन आमदारांना पटवणाऱ्या. वस्तीत स्पॅनिश आणि विधिमंडळात इंग्रजी, अशी दोन्हीकडे त्यांची ये-जा असायची. १९६२ साली त्यांनी आणि चावेझ यांनी शेतमजुरांची संघटना काढली. १९७२ साली ॲरिझोनात स्थानिक पुढारी सांगू लागले की इथे काही होणं शक्य नाही. त्यावर वेर्ता यांनी दिलेलं उत्तर पुढे घोषणा बनलं: 'सी, से पुएदे', म्हणजे 'हो, जमेल'. २००८ साली बराक ओबामांनी 'येस, वी कॅन' म्हणत निवडणूक जिंकली. २०१२ साली वेर्ता यांना राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्य पदक देताना, आपण ही घोषणा त्यांच्याकडून चोरली, अशी कबुली ओबामांनी हसत हसत दिली. ओबामा स्वतःही १९८० च्या दशकात शिकागोमध्ये संघटक होते, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

'तुमचं मत म्हणजे तुमचा आवाज'

संघटक आणि निवडणुकीचा अभ्यासक ही दोन्ही कामं एकाच माणसात बघायची असतील, तर विली वेलास्केझ यांच्याकडे बघावं लागतं. जन्म १९४४, लहानपण सॅन अँटोनियोत. १९६६ साली टेक्सासच्या टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या स्टार काउंटीत शेतमजुरांचा संप सुरू झाला, तेव्हा शिक्षण बाजूला ठेवून ते तिथे गेले. पुढच्या वर्षी काही मित्रांसोबत मेक्सिकन वंशाच्या तरुणांची 'मायो' ही संघटना स्थापन केली. त्यातल्या काही साथीदारांनी पुढे वेगळा पक्ष काढला. वेलास्केझ त्या वाटेने गेले नाहीत.

१९७४ साली त्यांनी 'साउथवेस्ट व्होटर रजिस्ट्रेशन एज्युकेशन प्रोजेक्ट' सुरू केला. त्याची घोषणा स्पॅनिशमध्ये होती: 'सू व्होटो एस सू व्होझ', तुमचं मत म्हणजे तुमचा आवाज.

वेलास्केझ यांची खासियत म्हणजे ते आकडेवारीला धरून असायचे. कुठल्या काउंटीत किती लोक पात्र आहेत, किती नोंदलेले आहेत, गेल्या वेळी किती जणांनी मत दिलं, याचा अभ्यास आधी. मग तिथल्या लोकांची समिती. बाहेरून माणसं आणून नोंदणी करायची नाही. आणि प्रचाराचा मुद्दा जगाला बदलण्याचा नको, गल्लीतल्या डांबराचा हवा. तरुणपणी मोठ्या घोषणा दिलेल्या माणसाने स्वतःला लावून घेतलेली ही शिस्त होती.

नोंदणी वाढली तरी उमेदवार निवडून येईनात, तेव्हा दुसरी अडचण दिसली. मतदारसंघाच्या सीमाच अशा आखल्या होत्या की मेक्सिकन वंशाच्या वस्त्यांचे तुकडे पडावेत. किंवा सगळं शहर मिळून एकच मतदारसंघ, म्हणजे बहुसंख्याकांचेच सगळे उमेदवार. त्यामुळे नोंदणीसोबत कोर्टातली लढाई आली. सॅन अँटोनियोने १९७७ साली वॉर्डनिहाय निवडणूक स्वीकारली आणि १९८१ साली हेन्री सिस्नेरोस महापौर झाले. मेक्सिकन वंशाचा महापौर त्या शहराने एकोणिसाव्या शतकानंतर पाहिलाच नव्हता.

१९८८ साली मायकल डुकाकिस यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात काम करण्यासाठी वेलास्केझ आपल्या संस्थेतून रजा घेण्याच्या तयारीत होते. रजा का? कारण अमेरिकेत करमाफी मिळालेल्या धर्मादाय संस्थेला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. १९५४ पासूनचा हा नियम. मतदार नोंदवा, मतदान कसं करायचं शिकवा, पण 'अमक्याला मत द्या' म्हणू नका. म्हणून दोन्ही कामं करणाऱ्याला दोन टोप्या सांभाळाव्या लागतात, आणि त्या एकाच वेळी घालता येत नाहीत. वेलास्केझ यांना मात्र दुसरी टोपी घालायची वेळच आली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय ४४. १९९५ साली त्यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्य पदक मिळालं.

मतपत्रिकेवर दुसरी भाषा कधी आली?

१९६५ चा मतदान हक्क कायदा मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या हक्कासाठी होता. १९७५ साली त्यात भाषिक अल्पसंख्याकांची भर पडली. टेक्सासच्या खासदार बार्बरा जॉर्डन यांनी त्यासाठी जोर लावला होता. या तरतुदीनुसार, एखाद्या भागात इंग्रजी नीट न येणारे एकाच भाषागटातले मतदानयोग्य नागरिक १० हजारांहून जास्त किंवा ५ टक्क्यांहून जास्त असतील आणि त्यांच्यात निरक्षरतेचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा अधिक असेल, तर तिथे मतपत्रिका, अर्ज, सूचना, मदत असं सगळं त्या भाषेतही द्यावं लागतं. (१० हजारांची अट १९९२ मध्ये आली.) २०२१ च्या यादीत असे ३३१ भाग होते.

१९८२ ची आणखी एक तरतूद फार कामाची आहे. वाचता न येणाऱ्या मतदाराला मदतीसाठी आपल्या पसंतीचा माणूस मतदान केंद्रात नेता येतो. फक्त तो मालकाचा किंवा कामगार संघटनेचा माणूस नको. आईला घेऊन मुलगी आत जाऊ शकते, हे दारोदार सांगणं हेही संघटकाचंच काम.

यात भारतीय भाषांचाही संबंध येतो. कायद्यात 'आशियाई भारतीय' असा एकच गट धरला जातो आणि नेमकी भाषा कुठली, हे स्थानिक अधिकारी ठरवतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली निवडली गेली, शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी आणि पुढे गुजराती, न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत गुजराती. या तिन्ही ठिकाणी मराठीचा नंबर लागलेला नाही. अमेरिकेत गेलेला मराठी माणूस सहसा इंग्रजी शिकूनच जातो, त्यामुळे तशी गरज कमी भासली असावी. बेळगाव जिल्ह्यात वाढलेले आणि 'ही श्रींची इच्छा' हे मराठी आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून अमेरिकेच्या संसदेत आहेत. त्यांच्या डेट्रॉइट परिसरातल्या मतदारसंघात कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे मातृभाषेच्या मतांवर निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता.

सल्लागारांची एन्ट्री

उमेदवारांना स्पॅनिशची आठवण झाली ती मतं मोजायला लागल्यावर. १९६० साली जॅकलिन केनेडी यांनी पतीसाठी टीव्हीवर स्पॅनिशमध्ये आवाहन केलं आणि टेक्सासमध्ये 'व्हिवा केनेडी' क्लब निघाले. १९७८ साली रिपब्लिकन सिनेटर जॉन टॉवर अटीतटीची निवडणूक लढवत होते. त्यांनी सॅन अँटोनियोचे जाहिरातकार लायोनेल सोसा यांना हाताशी धरलं. टॉवर थोडक्यात जिंकले. सोसा मग रेगनपासून धाकट्या बुशपर्यंत रिपब्लिकन उमेदवारांसाठी काम करत राहिले. कुटुंब, श्रद्धा, कष्ट या मूल्यांवर बोललं तर हा मतदार आपला होऊ शकतो, हे त्यांचं सूत्र. २००४ साली जॉर्ज बुश यांना लॅटिनो मतांपैकी सुमारे ४० टक्के मिळाली.

इथेच भाषांतर आणि संवाद यातला फरक कळतो. स्पॅनिशमध्ये आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखे 'तू' आणि 'उस्तेद' आहेत. (हो, त्यांचाही 'तू'च!) दारात उभ्या आजीबाईंना 'तू' म्हटलं तर दार बंद होणार, आणि विशीतल्या पोराला 'उस्तेद' म्हटलं तर त्याला सरकारी नोटीस आल्यासारखं वाटणार. मतपत्रिकेला मेक्सिकन माणूस 'बोलेता' म्हणतो, प्वेर्तो रिकोचा 'पापेलेता'. कॅरिबियन बेटांवरच्या माणसासाठी 'ग्वाग्वा' म्हणजे बस, चिलीच्या माणसासाठी तान्हं बाळ. मायामीच्या क्युबन मतदाराला चालणारी जाहिरात लास व्हेगासच्या मेक्सिकन मतदाराला परकी वाटू शकते. शब्दकोश घेऊन बसलेल्या भाषांतरकाराला हे कळत नाही. वस्तीत वाढलेल्याला न सांगता कळतं.

चुका किती महाग पडतात याचं एक उदाहरण. २०१२ साली ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीच्या निवडणूक कार्यालयाने दिलेल्या एका कागदावर इंग्रजीत मतदानाची तारीख ६ नोव्हेंबर बरोबर होती, स्पॅनिशमध्ये मात्र ८ नोव्हेंबर छापली गेली. म्हणजे मतदान होऊन दोन दिवस झाल्यावरची! अशा वेळी दारोदार जाऊन खरी तारीख सांगणारी माणसं आधीपासून वस्तीत असतील, तरच नुकसान टळतं.

दुसरं उदाहरण हसू येण्यासारखं. डिसेंबर २०१५ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचार टीमने 'हिलरी तुमच्या आजीसारख्या कशा आहेत' अशी यादी टाकली. त्यात आजीसाठी मुद्दाम 'आबुएला' हा स्पॅनिश शब्द. काही तासांत 'माझी आबुएला नव्हे' हा हॅशटॅग फिरू लागला. आमची आजी शेतात राबली, सीमेपलीकडे राहिली, तिला आम्ही कित्येक वर्षं भेटलो नाही, असं लोक लिहू लागले. आपल्याकडे २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत आदित्य ठाकरे यांचं 'केम छो वरळी' होर्डिंग लागलं, तेव्हाची चर्चा आठवत असेल. तिथली चिडचिड वेगळ्या बाजूने आलेली, पण होर्डिंगवर भाषा चढवणं आणि त्या भाषेत बोलणं या दोन गोष्टी आहेत, हे दोन्हीकडे दिसलं.

नेवाडात जमलं कसं?

२०२० च्या फेब्रुवारीत नेवाडा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची कॉकस होती. ७८ वर्षांचे बर्नी सँडर्स, व्हरमाँटसारख्या गोऱ्याबहुल राज्यातले. पण प्रवेश-चाचणीनुसार लॅटिनो मतांपैकी जवळपास निम्मी त्यांना मिळाली. त्यांच्या लॅटिनो मोहिमेमागे चक रोचा हे सल्लागार होते. टेक्सासमधले, कामगार चळवळीतून वर आलेले. त्यांनी वेगळा 'लॅटिनो विभाग' काढून त्याला कोपऱ्यात बसवलं नाही. प्रत्येक विभागात लॅटिनो माणसं नेमली, महिनोन्‌महिने आधी वस्त्यांमध्ये कार्यालयं उघडली आणि स्पॅनिश पत्रकं शेवटच्या आठवड्यापर्यंत राखून ठेवली नाहीत. तरुण मतदार सँडर्सना 'तीओ बर्नी' म्हणजे 'बर्नीकाका' म्हणू लागले. कॉकस हा प्रकार स्पॅनिशमध्ये समजावणं हीच मोठी डोकेदुखी होती, कारण तिथे जाऊन फक्त बटण दाबायचं नसतं, सगळ्यांसमोर गटात उभं राहायचं असतं.

याच नेवाडात लास व्हेगासच्या हॉटेल कामगारांची 'क्युलिनरी युनियन' आहे. सदस्य सुमारे ६० हजार, निम्म्याहून जास्त लॅटिनो. खोल्या झाडणाऱ्या, स्वयंपाकघरात राबणाऱ्या सदस्यांना निवडणुकीच्या काळात कामावरून रजा घेऊन दारोदार प्रचार करता येतो. मालकांशी झालेल्या करारातच तशी सोय आहे. त्या वर्षी युनियनचं नेतृत्व सँडर्स यांच्या आरोग्य योजनेच्या विरोधात होतं. तरीही हॉटेलांमध्ये भरलेल्या कॉकसमध्ये बऱ्याच सदस्यांनी सँडर्स यांनाच निवडलं. संघटनेने माणसाला स्वतः ठरवायला शिकवलं, की तो कधी कधी संघटनेच्याही विरोधात ठरवतो.

पैसा कुठे जातो?

अमेरिकेत प्रचाराचा मोठा खर्च टीव्ही जाहिरातींवर होतो, आणि जाहिरातीची वेळ विकत घेणाऱ्या सल्लागाराला त्यावर कमिशन मिळतं. परंपरेने ते १५ टक्क्यांपर्यंत. दारोदार माणसं पाठवण्यावर असं कमिशन नसतं. साहजिकच, सल्ला कुठल्या दिशेने झुकतो हे सांगायला नको. संघटकांची मुख्य तक्रार हीच की, वस्तीतलं काम निवडणुकीच्या सहा आठवडे आधी सुरू होतं, मतमोजणीनंतर कार्यालयाला कुलूप लागतं आणि चार वर्षांनी तीच मंडळी नव्या पत्रकांसह परत येतात. तेव्हा दारात त्यांना ऐकावं लागतं, 'आता आठवण झाली का?'

सल्लागारांची बाजूही अगदीच पोकळ नाही. निवडणूक हरली तर वस्तीच्या मागण्या ऐकणारा माणूस सत्तेत नसतो. आणि संघटन चांगलं असूनही संदेश चुकला तर मतं जातात. त्यामुळे अनुभवी द्विभाषिक माणसाला दोन्ही बाजूंनी मागणी असते आणि दोन्ही बाजूंकडून संशयही. वस्तीला वाटतं हा पुढाऱ्यांचा माणूस, पुढाऱ्यांना वाटतं हा वस्तीचा.

२०२४ साली अमेरिकेत सुमारे ३ कोटी ६० लाख लॅटिनो मतदार मतदानाला पात्र होते. हा आकडा इतका मोठा आहे की त्याला 'एकगठ्ठा' म्हणणं आता कुणालाच परवडत नाही. त्यातले अनेक तरुण घरी आजीशी स्पॅनिश बोलतात आणि फोनवर मात्र इंग्रजी वाचतात.

विली वेलास्केझ १९६६ साली संपासाठी ज्या स्टार काउंटीत गेले होते, तिथली जवळपास सगळी लोकसंख्या लॅटिनो आहे. ती एका शतकाहून अधिक काळ डेमोक्रॅटिक पक्षाचा हमखास गड होती. २०१६ साली तिथे हिलरी क्लिंटन यांना सुमारे ७९ टक्के मतं पडली. २०२० साली जो बायडन यांना ५२ टक्के. २०२४ साली डोनाल्ड ट्रम्प सुमारे ५८ टक्के मतं घेऊन जिंकले. तिथे रिपब्लिकन उमेदवार याआधी जिंकला होता तो १८९२ साली.